बाळ सांभाळायला बाई हवी आहे

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोकरदार स्त्रीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पहिल्या दोन मुलांसाठी ती पूर्ण मिळते, तिसऱ्यापासून पुन्हा बारा. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. पण बहुतेक जणी कळा सुरू होईपर्यंत लोकलचे धक्के खातात, कारण उरलेली रजा बाळासोबत काढायची असते. तरी ती संपतेच. बाळ नुकतं पालथं पडायला लागलेलं असतं, वरणाचं पाणी, तांदळाची पेज सुरू व्हायची असते, आणि घरात प्रश्न उभा राहतो: सोमवारपासून याच्याजवळ कोण बसणार?

मग शोध सुरू होतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप जातो, वॉचमनच्या कानावर घातलं जातं. धुण्याभांड्याच्या मावशींना विचारलं जातं. खरं तर सुरुवात त्यांच्यापासून करावी, कारण कोणत्या इमारतीतली कोणती बाई कधी मोकळी होणार आणि तिने आधीचं घर का सोडलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आजी-आजोबांकडेही नजर वळते. आजी हे घरातलं सगळ्यांत स्वस्त उत्तर, निदान कागदावर तरी. तिचे गुडघे, तिची भिशी, तिचा गावाकडचा वाडा आणि निवृत्तीनंतर करायच्या ठेवलेल्या गोष्टी यांचा हिशोब कुणी मांडत नाही. हल्ली अनेक घरांनी मधला मार्ग काढला आहे: आजी घरात, पण उचलाउचल करायला बाई. आजीचं काम लक्ष ठेवण्याचं. ही जोडी जमली तर फार छान जमते. बिघडली तर संध्याकाळी घरी परतलेल्या सुनेला दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकावी लागतात.

गरज नवी नाही. सईबाईंच्या आजारपणात संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. राजघराण्यात अशा नेमणुका करायला कारभारी असत. टूबीएचकेतल्या नवराबायकोला ते काम स्वतः करावं लागतं, आणि आपण कुणाचे तरी मालक होत आहोत हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. ‘बाई ठेवली’ म्हणजे एक अडचण मिटली, असंच त्यांना वाटत असतं. खर्चाचे आणि जबाबदारीचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

बाजारात या कामाचे प्रकार ठरलेले आहेत. पहिल्या चाळीस दिवसांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत बाळ-बाळंतिणीचं बघणारी, मालीश, आंघोळ, शेक-शेगडी करणारी ती जपावाली. ती सगळ्यांत महाग. मुंबई-पुण्यात चोवीस तासांच्या जपावालीचे महिन्याला साधारण पंचवीस ते चाळीस हजार सांगितले जातात, नावाजलेली असेल तर त्याहून जास्त. पुढच्या वयासाठी राहती बाई वीस ते तीस हजारांपर्यंत, आणि सकाळी आठ ते रात्री आठ अशी बारा तासांची पंधरा ते बावीस हजारांपर्यंत. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत आकडे बरेच खाली येतात. पवई किंवा बाणेरच्या एखाद्या टॉवरमध्ये ते इतके वर जातात की शेजारच्या सोसायटीतले लोक त्या टॉवरवर भाव बिघडवल्याचा ठपका ठेवतात.

बाई ओळखीतून मिळाली नाही तर ब्युरो. ब्युरोवाला साधारण एका महिन्याच्या पगाराइतकं कमिशन घेतो, अकरा महिन्यांचा करार करतो आणि बाई टिकली नाही तर दोन-तीन वेळा बदलून देण्याचं कबूल करतो. बदली बाई किती दिवसांत मिळेल, हे करारात बहुधा नसतं. ते आधी लिहून घ्यावं. आणखी एक प्रश्न ब्युरोच्या खुर्चीवर बसल्याबसल्या विचारायला हवा: हाच ब्युरो बाईच्याही पगारातून काही कापतो का? अनेक ठिकाणी पहिल्या पगारातला मोठा हिस्सा तिच्याकडूनही घेतला जातो. म्हणजे घर समजतं आपण वीस हजार देतोय, आणि ती पहिला महिना जवळजवळ फुकट राबते. तिचं आधार कार्ड ब्युरोने ठेवून घेतलं असेल, किंवा पगार आमच्याच खात्यात टाका असा आग्रह असेल, तर तिथून उठावं. अशा दलालांनी झारखंड आणि छत्तीसगडमधून दिल्लीकडे इतक्या मुली नेल्या की छत्तीसगडने २०१३ मध्ये आणि झारखंडने २०१६ मध्ये या एजन्सींवर खास कायदे केले.

आता हिशोब. समजा, ठाण्यात बारा तासांची बाई वीस हजारांवर ठरली. वर्षाचे झाले २,४०,०००. दिवाळीचा एक पगार बोनस, २०,०००. ब्युरोचं कमिशन, आणखी २०,०००. दुपारचं जेवण, नाश्ता, दोन वेळचा चहा आणि बस-रिक्षाचे पैसे मिळून महिन्याला तीन हजार धरले, तर वर्षाचे ३६,०००. बेरीज ३,१६,०००. महिन्यावर भागलं की सव्वीस हजारांच्या वर जाते. ठरलेल्या आकड्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश अधिक, आणि यात कुणाची हौसमौज नाही. बाई कोकणातली असेल तर गणपती आणि शिमगा, देशावरची असेल तर गावची जत्रा, शिवाय मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत पंधरा दिवस. त्या काळात रोजंदारीची बदली बाई लागते, नाही तर आईबापांपैकी कुणाची तरी रजा जाते. वर्ष सरलं की पगारवाढ आलीच. मुलगी शाळेत घालायची, छपराचे पत्रे बदलायचे, म्हणून अधूनमधून उचलही मागितली जाते.

हे सगळे पैसे कर भरून उरलेल्या पगारातले. आपल्या आयकर कायद्यात बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या पगारावर सवलत नाही.

याच हिशोबात एक लबाडी घराघरांत चालते. बाईचा पगार आईच्याच पगारातून वजा करायचा. ‘तुला मिळतात पंचेचाळीस, बाईला जाणार सव्वीस, मग एवढी दगदग एकोणीस हजारांसाठी?’ हा प्रश्न बापाला कुणी विचारत नाही. मूल दोघांचं असेल तर सव्वीस हजारही दोघांच्या मिळकतीतून जायला हवेत. शिवाय नोकरी सोडून तीन वर्षांनी परत येणाऱ्या स्त्रीची बढती, भविष्यनिर्वाह निधी आणि वाढत गेलेला पगार या तीन वर्षांत बुडतो, तो या वजाबाकीत कुठेच दिसत नाही. काही घरांत बाईवरचा खर्च तीन वर्षं कमाईच्या बरोबरीने जाईल आणि तरीही तो करणं शहाणपणाचं ठरेल.

पर्याय पाळणाघराचा. दादर, डोंबिवली, सदाशिव पेठेत घरगुती पाळणाघरं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. काकूंच्या दोन खोल्यांत दहा-बारा मुलं, दुपारी वरणभात, संध्याकाळी शुभंकरोती. त्यांचा खर्च बाईच्या पगाराच्या पाव ते निम्मा. साखळी पद्धतीची चकचकीत डे-केअर मात्र पंधरा-वीस हजारांपर्यंत जातात. २०१७ च्या त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याची मुभा दिली. नोकरीला असलेल्या जोडप्याने बाई शोधायच्या आधी आपल्या मनुष्यबळ विभागाला एक ईमेल टाकून याबद्दल विचारावं. पुष्कळ जण हे विचारायचंच विसरतात. पाळणाघराची अडचण एवढीच की सर्दी-ताप आला की मूल घरी ठेवावं लागतं, आणि पहिल्या वर्षात सर्दी-तापाला तोटा नसतो.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी हीच अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवली जायची. १९२० च्या दशकातल्या पाहण्यांत नोंद आहे की गिरणीत जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. मूल दिवसभर पडून राही आणि आईची पाळी निभावून जाई. त्या बायकांना पर्याय नव्हता. १९२९ साली मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचं कलम आलं. आधी पन्नासाहून जास्त स्त्री कामगारांसाठी, मग १९७६ पासून तीसहून जास्त असल्या तरी. मुलांना सांभाळण्याचा खर्च तेव्हाही कुणीतरी उचलतच होतं, फक्त तो रुपयांत मोजला जात नव्हता.

बाई निवडताना लोक पोलीस पडताळणीवर फार भिस्त ठेवतात. ती करायलाच हवी. फोटो, आधार, गावाकडचा पत्ता, ओळखीच्या दोघांचे फोन नंबर घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. पण त्यातून एवढंच कळतं की तिच्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे की नाही. ती रडणाऱ्या मुलाशी कशी वागते, हे कोणत्याही ठाण्याच्या दप्तरात नसतं. ते आधीच्या घराला विचारावं, तेही फोनवर दोन मिनिटांत उरकू नये. ‘चांगली आहे का?’ या प्रश्नाला कुणीही ‘हो’ म्हणतं. ‘मूल जेवत नसेल तेव्हा ती काय करायची?’ असं विचारलं की पलीकडचं माणूस आठवून बोलू लागतं. रजा संपायच्या निदान तीन आठवडे आधी बाई यायला लागावी. पहिला आठवडा आईने तिच्यासोबत राहावं, दुसऱ्यात तासभर बाहेर जावं, तिसऱ्यात अर्धा दिवस. हे तीन आठवडे पूर्ण पगाराचे असतात, आणि ते वाचवू पाहणाऱ्या घरांत पहिल्याच सोमवारी रडारड होते.

शिकवायचं काय, हा नाजूक भाग. बाईने स्वतःची दोन-तीन मुलं वाढवलेली असतात, इतर घरांतली दहा. पंचविशीतल्या आईने तिला मोबाइलवर बघून सांगावं, हे तिला विनोदी वाटतं, आणि पुष्कळ बाबतींत तिचंच बरोबर असतं. काही गोष्टी मात्र तडजोडीच्या नाहीत. पहिले सहा महिने आईचं दूध, आणि ते नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं दूध. वरचं पाणी, गुटी, मध काही नाही. मध तर वर्षभर नाहीच, कारण त्यातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ओवा-वावडिंगाच्या धुरीने घर प्रसन्न वाटत असेल, पण धूर बाळाच्या छातीत जातो. झोपवायचं ते पाठीवर, आजूबाजूला उशा-दुलया न ठेवता. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, फुटाणे लहान मुलाच्या हाती नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच जोरकस थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. हे तोंडी सांगून भागत नाही, बाहुलीवर करून दाखवावं लागतं. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना बाईलाही सोबत न्यावं. आईने सांगितलेलं ती ऐकेल न ऐकेल, डॉक्टरांनी तिच्याकडे बघून सांगितलेलं सहसा विसरत नाही. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत नंबर: आई, बाबा, शेजारच्या काकू, डॉक्टर, १०८, ११२. तिला वाचता येत नसेल तर तेच नंबर तिच्या मोबाइलमध्ये फोटो लावून साठवून द्यायचे.

कामाची हद्द ठरवणं ही पुढची जबाबदारी, आणि इथे चांगली चांगली घरं घसरतात. ठरतं ‘फक्त बाळाचं’. बाळाचे कपडे, बाटल्या उकळणं, खिमट शिजवणं हे त्यात आलंच. मग एकदा कुकर लावायला सांगितलं जातं, पाहुणे आले म्हणून पोळ्या, मोलकरणीचा खाडा म्हणून भांडी. तीन महिन्यांत बाळाची बाई वरकामाची होते, पगार तोच राहतो, आणि ती पोळ्या लाटत असताना बाळ बेडच्या कडेला पोचलेलं असतं. वरकाम हवंच असेल तर आधी बोलावं, पैसे वाढवावेत, आणि बाळ जागं असताना ते नको हे स्पष्ट करावं.

चोवीस तासांची बाई हा तर शब्दशः घेतला तर अशक्य प्रकार आहे. रात्री तीनदा उठणारं बाळ तिच्याजवळ झोपत असेल तर ती दिवसा कधी झोपणार? पेंगणारा माणूस गाडी चालवायला नको, तसाच बाळाला आंघोळ घालायलाही नको. तिला दुपारी सलग दोन-तीन तास झोप, स्वतःची गादी, कपाटातला एक खण, न्हाणीघर वापरायची मोकळीक आणि घरी फोनवर बोलायला निवांत वेळ मिळायला हवा. आठवड्याची सुट्टी तर हवीच. किती घरांत तिला वेगळा कप आणि स्वयंपाकघरातली फरशी मिळते, आणि किती इमारतींत सामानाच्या लिफ्टने ये-जा करायला लावतात, ते सगळ्यांना माहीत आहे. बाळाला दिवसभर छातीशी धरणाऱ्या हातांचा कपाला विटाळ होतो हे तर्काला न झेपणारं आहे, पण चालतं.

सुट्टीचा हक्क तिला कुणी आयता दिलेला नाही. १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी पगारवाढ आणि रजेसाठी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याच सुमारास नागपुरात रूपा कुलकर्णींनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली. पुढे जवळपास तीन दशकांनी महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ झाला. अठरा ते साठ वयाच्या घरकामगार स्त्रीला, म्हणजे बाळ सांभाळणारीलाही, या मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी मालकाचं प्रमाणपत्र लागतं. नेमकं तिथेच गाडं अडतं. ‘उगाच कागदावर कशाला’ म्हणून सही टाळणारे लोक उच्चशिक्षित असतात. २०२१ च्या टाळेबंदीत राज्य सरकारने नोंदीत घरेलू कामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा त्या एका सहीची किंमत अनेकींना कळली.

कर्नाटक, केरळ, राजस्थान, तमिळनाडू अशा काही राज्यांनी घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं. महाराष्ट्रातल्या संघटनांचीही ती जुनी मागणी. २०११ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उत्तराखंडातल्या एका खटल्याचा निकाल देताना, घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याची गरज तपासायला समिती नेमण्याचे आदेश केंद्राला दिले.

याचा अर्थ आज काहीच लागू नाही, असा मात्र नाही. चौदा वर्षांखालच्या मुलीला बाळाशी ‘खेळायला’ म्हणून ठेवणंही गुन्हा आहे. घरकामात मुलं ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. चौदा पूर्ण झाली म्हणून पंधरा वर्षांच्या पोरीच्या हाती सहा महिन्यांचं बाळ द्यावं, असंही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही लागू आहे. घरातल्या पुरुषाने त्रास दिला तर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि घरकामगाराच्या प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते.

घरात ईएसआय नाही, पीएफ नाही. ती उणीव मालकाला थोडी भरून काढता येते, आणि त्याला फारसे पैसे पडत नाहीत. तिच्या बँक खात्याला जोडलेला पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो. पन्नाशीच्या आत असेल तर ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन ज्योती विमा. दोन्ही मिळून ४५६ रुपये. एका पिझ्झाच्या बिलात दोन्ही निघतात. चाळिशीच्या आतली आणि पंधरा हजारांपर्यंत कमावणारी असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना तीन हजार पेन्शन मिळू शकतं; हप्ता वयानुसार ५५ ते २०० रुपये, तितकेच सरकार घालतं. पगार रोखीऐवजी खात्यात गेला की तिच्या हाती कमाईचा पुरावा राहतो आणि महिनाअखेरचे वादही टळतात.

दाईला परदेशी नेणाऱ्यांची जबाबदारी तर आणखी मोठी, आणि तिचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. इंग्रजी अमदानीत साहेबांची कुटुंबं बोटीच्या लांबलचक प्रवासात मुलं सांभाळायला हिंदुस्थानातून आया न्यायची. लंडनला पोचल्यावर त्यांतल्या कित्येकींना परतीचं तिकीट न देता सोडून दिलं जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ होतं, १९०० पासून हॅकनी भागात. २०२२ साली तिथल्या किंग एडवर्ड्‌स रोडवरच्या घरावर इंग्लिश हेरिटेजने निळी पाटी लावली.

अमेरिकेत या विषयाने मोठमोठ्या लोकांच्या खुर्च्या हलवल्या. बिल क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी झोई बेअर्ड यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी पेरूहून आलेलं एक जोडपं कागदपत्रांविना कामाला ठेवलं होतं, बाई मुलाला सांभाळायला आणि नवरा गाडीवर, आणि त्यांच्या पगारावरचा सामाजिक सुरक्षा कर वेळेवर भरला नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये बेअर्ड यांना माघार घ्यावी लागली. मराठी माणसाला जवळचं उदाहरण देवयानी खोब्रागडे यांचं. न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत असलेल्या खोब्रागडे यांना डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली. भारतातून नेलेल्या घरकामगार स्त्रीच्या व्हिसा अर्जात तासाला ९.७५ डॉलर दाखवले आणि वेगळ्या करारात महिना तीस हजार रुपये ठरवले, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला, राजनैतिक संरक्षणाखाली त्या भारतात परतल्या. अटकेच्या पद्धतीवरून दोन्ही देशांत मोठं वादळ उठलं. भारतातल्या चर्चेत अपमानाचा मुद्दा सगळीकडे होता, बाईच्या तासाच्या दराचा क्वचितच.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी जोडप्यांनाही हे लागू आहे. ‘आपल्याकडच्याच एक काकू’ रोखीने बाळ सांभाळत असल्या तरी, वर्षाला ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये ती २,८०० डॉलर होती) किंवा त्याहून जास्त दिली की घराला कायद्याने मालक म्हणून कर भरावे लागतात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून १५.३ टक्के, निम्मे मालकाचे, निम्मे काकूंचे. न्यूयॉर्क राज्यात २०१० च्या कायद्याने आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी आणि ठरावीक तासांवर ओव्हरटाइमही आहे.

आपल्याकडे या सगळ्याऐवजी कॅमेरा आला. दोन-अडीच हजारांत बसणारा हा डोळा दिवाणखान्यात लावून आईबाप कार्यालयातून बाळ बघत राहतात. लावायला हरकत नाही, पण तो आहे हे बाईला पहिल्याच दिवशी सांगावं, आणि ती जिथे झोपते, कपडे बदलते तिथे लावू नये. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली स्त्रीचं असं चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे, मग घर तुमचं असो. कॅमेऱ्यात बाळाला मारलेलं दिसेल. बाळ रडत असताना ती मोबाइलवर मालिका बघते, तेही दिसेल. पण दिवसातून वीसदा फोन करून ‘आत्ता त्याला का घेतलं नाहीस?’ विचारणाऱ्या घरात चांगली बाई महिनाभरही टिकत नाही, हा ब्युरोवाल्यांचा ठाम अनुभव आहे.

ती स्वतः आई असते, हे सहसा मुलाखतीत विचारलं जात नाही. तिचं मूल गावी आजीकडे असतं, नाही तर वस्तीतल्या शेजारणीकडे, नाही तर थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि ती थोरली शाळेतून काढलेली असते. कार्यालयातल्या आईला सव्वीस आठवड्यांचा पगार मिळतो. बाईला स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळाले तर मिळाले. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मोबाइल क्रेश सुरू केले, पुढे ते मुंबई आणि पुण्यातही आले. पण घरोघरी काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी त्या तोडीची सोय शहरात शोधून सापडत नाही. म्हणून तिचा मोठा मुलगा तापाने फणफणला की तिचा खाडा पडतो. आपल्या मुलाच्या तापासाठी घरून काम करण्याची मुभा मिळवणाऱ्या मॅडमना नेमका तोच खाडा सगळ्यांत जास्त झोंबतो. वर्षाला बारा-पंधरा दिवस भरपगारी रजा आधीच ठरवून ठेवली आणि त्या दिवसांसाठी आत्या, शेजारण किंवा पाळणाघर असा दुसरा मार्ग हाताशी ठेवला, तर ही चिडचिड निम्म्यावर येते.

मूल तीन वर्षांचं झालं, बालवाडी सुरू झाली की बाईची गरज कमी होते. इथे घरं घाई करतात. जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि महिनाअखेरीस तिला ‘उद्यापासून नको’ असं सांगितलं जातं. तीन वर्षं रोज बारा तास सोबत असलेलं माणूस एका रात्रीत नाहीसं झालं, तर मूल ते शाळेवर काढतं. निदान महिनाभर आधी सांगावं, तास हळूहळू कमी करावेत, जाताना मुलाला सांगून निरोप घेऊ द्यावा. घरात ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नसला तरी सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, या कारखान्यांतल्या मापाने काही रक्कम हातात ठेवणारी घरं आहेत, आणि वीस हजारांच्या पगारावर तीन वर्षांचे साधारण साडेचौतीस हजार होतात. सोबत एक पत्र द्यावं: किती काळ काम केलं, कोणत्या वयाचं मूल सांभाळलं, काय चांगलं जमतं, संपर्कासाठी फोन नंबर. पुढच्या घरात पगार ठरवताना तिला त्या पत्राचा दोन-तीन हजारांनी तरी उपयोग होतो, आणि ते लिहायला दहा मिनिटं लागतात.